सात आठे किती?

माझी मुलगी आठ वर्षांची आहे. सातचा पाढा ती न अडखळता म्हणत असे, त्यामुळे तो तिला येतो असे मी धरून चालले होते. एके संध्याकाळी सहज ‘सात आठे किती?’ असे विचारले, तेव्हा ती थबकली आणि ओठांतल्या ओठांत ‘सात एके सात’पासून सुरुवात करून छप्पनपर्यंत पोहोचली. उत्तर बरोबर होते. पण तिला पाढ्याची चाल पाठ होती, त्यातली एखादी ओळ मधूनच उचलता येत नव्हती.

पाठांतराला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. ‘बे एके बे, बे दुणे चार’ ही लय जिभेवर बसते, हे मोठेच बळ आहे आणि पुढे भागाकार व अपूर्णांक करताना ते कामी येते. मात्र घोकण्याआधी पाढा डोळ्यांना दिसायला हवा, असे माझे मत झाले आहे. म्हणून मी जुनी बटणे काढली आणि एका पुठ्ठ्यावर सहा-सहा बटणांच्या चार ओळी मांडल्या. तिने मोजून चोवीस सांगितले. मग पुठ्ठा अलगद आडवा फिरवला, तेव्हा चार-चार बटणांच्या सहा ओळी झाल्या. तिने पुन्हा एकेका बटणावर बोट ठेवून सगळी मोजली आणि विचारले, “म्हणजे चार सक आणि सहा चोक एकच?”

त्या प्रश्नाने पुष्कळ ओझे उतरले. एक ते दहाच्या पाढ्यांत एकूण 100 गुणाकार असतात. उलटसुलट जोड्या एकच धरल्या की 55 राहतात आणि त्यांतून एक, दोन, पाच व दहाचे सोपे गुणाकार वगळले की उरतात अवघे 21. आम्ही चौकटींचा तक्ता आखून येणाऱ्या चौकटी रंगवत गेलो. चारचा पाढा म्हणजे बेच्या पाढ्याची दुप्पट आणि आठचा म्हणजे चारच्या पाढ्याची दुप्पट, हे तिला लगेच पटले. नऊच्या पाढ्यात दहापर्यंत प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज नऊच येते, हे तर तिचे तिनेच शोधले.

एक अडचण मात्र गुणाकाराची नव्हतीच. ‘सात नवे त्रेसष्ट’ असे बरोबर म्हणून ती वहीत 36 लिहीत असे, कारण आपण बोलताना आधी तीन उच्चारतो आणि मग साठ, लिहिताना मात्र सहा आधी येतो. ‘एकोणपन्नास’ ऐकले की तिची पेन्सिल हमखास पाचाकडे वळे. अशा चुकांना ‘पाढा येत नाही’ म्हणणे मुलावर अन्यायाचे आहे. मी आठवडाभर पाढे बाजूला ठेवले आणि दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधून केवळ संख्यांचे श्रुतलेखन घेतले.

घड्याळ लावून पाढे विचारणे मी पूर्णपणे थांबवले आहे. घाईने तिला येत असलेलेही आठवेनासे होते. रोज दहा मिनिटे, क्रम मोडून चार-पाच प्रश्न, एवढेच आम्ही करतो. परवा ‘सात आठे’ पुन्हा विचारले, तेव्हा ती म्हणाली, “सात सत्ते एकोणपन्नास, त्यात आणखी एक सात.” तक्त्यावर आता सहा चौकटी कोऱ्या आहेत.