व्हिपलआधी विचारा: नळी किती मिलिमीटर?

स्वादुपिंडाच्या डोक्याकडची गाठ काढली की उरलेला तुकडा आतड्याला जोडावा लागतो. हेच व्हिपल ऑपरेशन, आणि त्यात सगळी भीती असते ती या जोडाची. तो गळला की पाचकरस पोटात पसरतो आणि शेजारची कापलेली रक्तवाहिनी कुरतडतो. म्हणून ऑपरेशननंतर आठवड्याभराने ड्रेनमध्ये (द्रव बाहेर काढायला पोटात ठेवलेल्या ट्यूबमध्ये) थोडंसंच लाल दिसलं, तरी सकाळपर्यंत थांबायचं नाही. पेशंटची तब्येत परवानगी देत असेल तर लगेच सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन.

हा धोका आधी ओळखता येतो का? बराचसा येतो. 2013 पासून वापरात असलेल्या फिस्टुला स्कोअरमध्ये, म्हणजे जोड गळण्याच्या धोक्याच्या मोजणीत, 10 गुण असतात. ग्रंथी, म्हणजे स्वादुपिंड, मऊ असेल तर 2. कॅन्सर किंवा जुनी स्वादुपिंडाची सूज सोडून दुसरा आजार असेल तर 1. स्वादुपिंडातली रस वाहून नेणारी नळी 5 मिमी किंवा जास्त असेल तर 0, मग दर मिलिमीटरला एकेक गुण वाढत 1 मिमीला 4. रक्तस्राव 400 मिलीच्या वर गेला की 1, लिटरच्या वर 3.

ग्रहणीतली (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातली) गाठ, मऊ ग्रंथी आणि 2 मिमीची नळी, म्हणजे काडेपेटीच्या काडीएवढी. इथे 2, 1 आणि 3 मिळून 6 झालेच. रक्त 400 मिलीपेक्षा जास्त गेलं की 7, आणि 7 पासून पुढे जास्त धोका. उलट स्वादुपिंडाचा कॅन्सर, ग्रंथी कडक, नळी 6 मिमी, असं असेल तर शून्यापासून सुरुवात. निरोगी ग्रंथीच जोडायला अवघड, हे घरच्यांना पटत नाही. पण मऊ ग्रंथीत टाका ओढला की तो तिला चिरत जातो आणि तिचा रसही भरपूर असतो. कडक ग्रंथी टाका धरून ठेवते.

रक्तस्राव आधी कळत नाही, म्हणून 2019 च्या पर्यायी स्कोअरमध्ये मऊपणा, नळी आणि बीएमआय एवढंच घेतलं. मऊपणा खरा कळतो बोटांनाच. तरी सीटीत ग्रंथी जाड, चरबीदार आणि नळी बारीक दिसली, तर मऊ धरूनच तयारी करावी. नळी जिथे कापणार तिथे, म्हणजे स्वादुपिंडाच्या मानेपाशी मोजलेली हवी. रिपोर्टमध्ये नुसतं 'नळी नॉर्मल' असेल तर रेडिओलॉजिस्टकडून आकडा मागून घ्या.

कावीळ आहे म्हणून ऑपरेशनआधी सरसकट पित्तनळीत स्टेंट (पित्त वाहतं ठेवणारी बारीक ट्यूब) टाकू नये, हे आमचं ठाम मत. 2010 च्या डच चाचणीत बिलिरुबिन (कावीळ किती ते दाखवणारा रक्तातला घटक) साधारण 2.3 ते 14.6 मिग्रॅ/डेलि असलेले पेशंट होते. थेट ऑपरेशन केलेल्यांत गंभीर गुंतागुंत 39 टक्के, आधी स्टेंट टाकलेल्यांत 74. पित्तनळीत जंतुसंसर्ग, आधी केमो द्यायची असणं किंवा ऑपरेशनला बराच उशीर, अशा वेळी मात्र स्टेंट लागतो.

ऑपरेशननंतर पहिल्या दिवशी ड्रेनमधलं अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाचं पाचक एन्झाइम, तपासा. लिटरला 5000 युनिटच्या आत असेल आणि पेशंट ठीक असेल, तर तिसऱ्या दिवशी ड्रेन काढता येतो. उगाच ठेवलेल्या ड्रेनमधून जंतू आत शिरतात.