पावणेसतरा

आमचं दुकान कोल्हापुरात, लक्ष्मीपुरीत. पाईप, एल्बो, टी, नळ, वॉशर असला माल. गेली बावीस वर्षं मी अर्धा इंची, पाऊण इंची, एक इंची याच भाषेत बोलत आलोय. कॉलेजात फिजिक्स होतं, पण त्यानं मला आणि मी त्याला एका वर्षात सोडलं. तरीही रात्री शटर ओढून घरी आलो, जेवलो, की माझे पाय गच्चीकडं वळतात. बायको म्हणते, "निघाले ब्रह्मांडाचे पाईप जोडायला."

विश्वाचं काही वाचलं की मला ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि दिवसभर समोर असतं ते गिऱ्हाईक. एकदा एका प्लंबरला सांगितलं, की १९२९ साली हबल नावाच्या माणसानं दाखवून दिलं, लांबच्या दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांची प्रचंड गावं, आपल्यापासून लांब लांब चालल्यात, म्हणजे विश्व पसरतंय. तो सोलव्हंटचा डबा उघडून वास बघत होता. म्हणाला, "सगळं पसरालंय म्हंता, मग आमच्या गल्लीतला रस्ता का रुंद होईना?" मी दोन दिवस यावर डोकं खाजवलं. मग कळलं, प्रश्न अगदी बरोबर होता. जे गुरुत्वानं किंवा रेणूंच्या ओढीनं घट्ट बांधलंय ते पसरत नाही. पसरते ती दीर्घिकांच्या थव्यांमधली मोकळी जागा. देवयानी दीर्घिका तर पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरून उलटी आपल्याकडंच येतेय. तेव्हा गल्लीचं काम शेवटी नगरसेवकाकडंच.

माझ्या या नादाचं मूळ मात्र मुंग्यांत आहे. आमच्या लहानपणी कौलांवर अँटेना असायची. रविवारी संध्याकाळी पिक्चर सुरू व्हायच्या आधी काका वर चढायचे, मी खिडकीत उभा, आत्या टीव्हीसमोर. वरून आवाज यायचा, "आलं काय?" पडद्यावर नुसते काळे-पांढरे ठिपके वळवळत असले की आत्या म्हणायची, "मुंग्या!" मी ओरडायचो, "मुंग्या!" काका अँटेना जरा रंकाळ्याकडं फिरवायचे. परत, "आलं काय?" असं पाच-सहा वेळा. पुढं पस्तिशीत वाचलं, की त्या मुंग्यांतली शंभरात एखादी थेट विश्वाच्या बालपणातून आलेली असते. विश्व पावणेचार लाख वर्षांचं होतं तेव्हा जो प्रकाश मोकळा सुटला, तोच ताणत ताणत सूक्ष्मलहरी होऊन अजून सगळीकडून येतोय. वय १३.८ अब्ज वर्षं, आणि उतरला कुठं, तर आमच्या अँटेनावर. आम्ही त्याला शिव्या घालत होतो.

अमेरिकेत पेन्झियास आणि विल्सन यांचंही तेच झालं होतं. १९६४ साली त्यांच्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनात एक खरखर येत होती, कुठंही फिरवा, जाईना. आत कबुतरांनी घर केलं होतं. त्यांनी ती कबुतरं हाकलली, विष्ठा खरवडून काढली, तरी खरखर तशीच. शेवटी कळलं, ती विश्वाचीच आहे. १९७८ साली त्या खरखरीला नोबेल मिळालं. आमच्या काकांनी मात्र अँटेना बदलली.

यातली गंमत अशी की या पुराव्यानंतर बहुतेक जगानं महास्फोट, म्हणजे विश्वाला एक ठराविक सुरुवात होती हे, मान्य केलं, पण कोल्हापुरात जन्मलेल्या एका माणसानं प्रश्न विचारायचं सोडलं नाही. जयंत नारळीकर. जन्म १९३८, इथलाच. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्याबरोबर त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला, आणि १९९३ मध्ये हॉईल आणि बर्बिज यांच्या जोडीनं विश्वाला एकच एक सुरुवात नाही असं सांगणारी मांडणीही केली. बहुमत दुसरीकडं होतं. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा मी दुकान उघडं ठेवून दिवसभर गप्प बसलो होतो. त्यांचं गणित मला कळत नाही. पण सगळे एकीकडं असताना "थांबा जरा, हे बघू" म्हणणारा माणूस आमच्या गावात जन्मला याचा अभिमान वाटायला गणित लागत नाही.

असो. मुद्दा पावणेसतराचा.

आमच्या दुकानात एक निवृत्त सर येतात. त्यांच्या घरचे नळ सारखे गळतात. मला वाटतं, ते मुद्दाम गळू देत असावेत, कारण वॉशर घ्यायला आले की तासभर बसतात. त्यांनी एकदा मे महिन्याच्या सुरुवातीला विचारलं, "शून्य सावली बघितलीस काय?" कोल्हापूर उत्तर अक्षांश १६.७ वर आहे, म्हणजे जवळजवळ पावणेसतरा. सूर्य उत्तरेकडं सरकत सरकत बरोब्बर तेवढ्यावर येतो तो ६ मेच्या आसपास. त्या दिवशी दुपारी साडेबाराला तो थेट डोक्यावर. साडेबाराच का, बारा का नाहीत? तर आपलं घड्याळ चालतं साडेब्याऐंशी रेखांशावर, आणि कोल्हापूर त्याच्या सव्वाआठ अंश पश्चिमेला. सूर्याला आपल्यापर्यंत यायला अर्धा तास जास्त लागतो. आमचं गाव निवांत आहे म्हणतात ते उगीच नाही.

मी पाऊण इंची पीव्हीसी पाईपचा फूटभर तुकडा कापला. तळाशी हॅक्सॉनं बोटभर खाच पाडली, म्हणजे आत काय चाललंय ते बाजूनं बघता येईल. गच्चीवर फरशीला लेव्हल लावली, पाईप उभा केला, ओळंब्यानं दोन्ही बाजूंनी तपासला. पावणेबाराला खाचेतून बघितलं तर आत अंधार, भिंतीवर वरच्या अंगाला उजेडाची एक तिरकी कोर. ती कोर खाली उतरायला लागली. मी पालथा पडून बघत होतो, फरशी पोटाला चटके देत होती. साडेबारा व्हायला पंधराएक मिनिटं असताना ती फरशीला टेकली, आणि मग चंद्रकोरीची पौर्णिमा व्हावी तशी भरत गेली. साडेबाराला आठ आण्यांच्या नाण्याएवढा उजेड, कडा जरा मऊ. पाईपच्या बाहेर सावलीच नाही. पाईप जमिनीवर ठेवलाय की हवेत तरंगतोय कळेना. चार-पाच मिनिटांत नाणं पलीकडच्या बाजूनं झिजायला लागलं. माझा मुलगा म्हणाला, "पप्पा, एवढंच?" मी हो म्हटलं. त्या क्षणी त्याला दुसरं काय सांगणार? पुस्तकात लिहिलेला आकडा माझ्या गच्चीवर येऊन, माझ्याच मालात उतरून, मला भेटून गेला होता.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सूर्य परत जाताना पुन्हा डोक्यावरून जातो. पण तेव्हा कोल्हापुरात सूर्य दिसला तर शपथ.

त्या नोव्हेंबरात आईला घेऊन अंबाबाईच्या किरणोत्सवाला गेलो. नोव्हेंबरच्या ९, १०, ११ आणि मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि पहिल्या दिवशी देवीचे पाय, मग कंबर, मग मुख असा क्रम. आमची आई अस्सल कोल्हापुरी, बोलताना स्वतःला 'मी आलो, मी गेलो' म्हणणारी. गर्दीत टाचा उंचावून ती म्हणाली, "मी चाळीस वर्षं बघत आलो, पण हे वर्षातनं दोनदाच का, ते कुणी सांगितलं न्हाई." मी सांगितलं, एसटी गारगोटीला जाताना ज्या थांब्यावर थांबते, परत येताना त्याच थांब्यावर थांबते ना? सूर्य दक्षिणेला जाताना नोव्हेंबरात तिथं असतो, डिसेंबरच्या २१-२२ तारखेला टोक गाठून वळतो, आणि फेब्रुवारीत परत त्याच जागी येतो. जाताना एकेचाळीस दिवस आधी, येताना बेचाळीस दिवस नंतर. आई म्हणाली, "एसटी तरी एवढी टायमावर असती काय?"

किरणं पितळी उंबऱ्यावर आली, पुढं सरकली, एवढ्यात ढग आला. दरवर्षी कुणाच्या तरी नशिबाला ढग असतो. त्या दिवशी आमच्या होता. पण गाभाऱ्याच्या तोंडाशी तो तांबूस पट्टा होता तेवढा वेळ मी हिशेब करत होतो. हा उजेड सूर्यावरून निघून आठ मिनिटं वीस सेकंद झाली, म्हणजे आम्ही बाहेर चपला ठेवत होतो तेव्हा तो निघाला. आणि ही ऊर्जा सूर्याच्या गाभ्यात तयार झाल्यावर धडपडत, आपटत, पृष्ठभागापर्यंत यायलाच हजारो वर्षं लागतात. देऊळ बांधायच्या आधीच ती तिकडून निघालेली. आईला सांगितलं. तिनं हात जोडलेलेच होते, ते आणखी घट्ट केले.

घरी आल्यावर सहज त्या तारखांचा सूर्य किती अंशावर असतो ते काढलं. सतरा दक्षिण. म्हणजे आपला पावणेसतराच की, फक्त उलट्या बाजूला! मला झोप लागेना. सकाळी सर आले तेव्हा मी काउंटरवरून जवळजवळ उडीच मारली. त्यांनी शांतपणे वॉशर घासून बघितलं आणि म्हणाले, "योगायोग. किरणं कधी आत येणार ते देवळाच्या तोंडावर ठरतं. अक्षांशाचा संबंध नाही." मी खट्टू झालो. दोन वॉशरचे पैसे पूर्ण घेतले. जाताना मात्र सर वळून म्हणाले, "तुला खरंच पावणेसतरा बघायचा असेल तर त्रिपुरारीला खिद्रापूरला जा."

खिद्रापूर शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठावर. कोपेश्वराचं देऊळ, शिलाहारांच्या काळातलं. पुढं स्वर्गमंडप, अठ्ठेचाळीस खांब, आणि छताच्या मधोमध तेरा फुटांचं गोल भोक, वर उघडं आभाळ. खाली बरोब्बर त्याच्याच समोर गोल शिळा. मी पाहिलं आणि हसायलाच आलं. हा तर माझा पाईप! फक्त तेरा फुटी.

गणित असं, की पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र समोरासमोर. रहाटाच्या दोन बादल्यांसारखं, एक जेवढी खाली तेवढी दुसरी वर. कार्तिकात सूर्य दक्षिणेला सतरा-अठरा अंश खाली गेलेला, म्हणजे पौर्णिमेचा चंद्र उत्तरेला तेवढाच वर, आणि मध्यरात्री तो खिद्रापूरच्या डोक्यावरून जाणार. दिवसा मे महिन्यात माझ्या पाईपात सूर्य उतरतो, तसा कार्तिकातल्या रात्री या पाईपात चंद्र. ज्यानं हे दगड बसवले त्याला अंश म्हणजे काय हे कुणी शिकवलं असेल नसेल, पण त्याचा ओळंबा पक्का होता.

आम्ही गेलो तेव्हा मंडपात शे-दोनशे माणसं होती, पणत्या होत्या, कुणाचं बाळ मांडीवर झोपलं होतं. बाराच्या सुमारास उजेडाचा गोल सरकत शिळेवर आला. लोक "आला, आला" म्हणाले. मी बघितलं, तर गोल शिळेवर पुरता बसेना. एका अंगाला शिळेची कड काळी राहिली होती. खिशात टेप असतोच, उकिडवा बसून मोजलं. अकरा इंच. मला कारण ठाऊक होतं, चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला पाच अंश तिरकी आहे, शिवाय पौर्णिमेची तारीखही दरवर्षी पुढंमागं होते. त्यामुळं काही वर्षी तो भोकाच्या मधोमध येतो, काही वर्षी जरा कडेनं जातो.

मागून आवाज आला, "ओ पाव्हणं, काय मोजालायसा?" देवळातले म्हातारे होते, डोक्याला मफलर.

"चंद्र अकरा इंच सरकलाय," मी म्हटलं.

त्यांनी वाकून शिळेकडं बघितलं, मग वर भोकाकडं. "व्हय," म्हणाले, "गेल्या साली ह्या बाजूला हुता."