रिकामा डबा

रविवार, रात्र

स्लो लोकलने जायला लागून आज तीन आठवडे झाले. बोरिवलीची सव्वाआठची फास्ट सोडते आणि दादरला पाव तास उशिरा पोचते. कांदिवली, मालाड, गोरेगाव, राम मंदिर. इतकी वर्षं ही स्टेशनं खिडकीतून नुसती मागे पळायची.

फास्टमधली माझी मैत्रीण वाईट आहे असं मला लिहिताच येत नाही, अडचण तीच आहे. बाबा हॉस्पिटलात होते तेव्हा अकरा दिवस तिने डबा पोचवला. "लागेल का?" असं एकदाही विचारलं नाही, सरळ आणून द्यायची. आणि त्याच तिने, मी विश्वासाने सांगितलेली स्थळाच्या नकाराची गोष्ट अंधेरी यायच्या आत अख्ख्या लेडीज डब्यात वाटली. सगळ्या हसल्या. मीही हसले (तेच जास्त लागलं). मला प्रमोशन मिळालं तर, "नशीब असतं बाई एकेकीचं." काही बोलायला जावं तर, "मस्करीसुद्धा कळत नाही का गं तुला?" नऊ वर्षं मी तेच खरं धरून चालले होते.

जूनमध्ये ऑफिसात आरोग्य शिबिर होतं. डॉक्टरीणबाईंनी दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला. वरचा आकडा १४२. "आत्ता कुणाशी भांडून आलात का?" भांडून कुठे, तिच्या शेजारी बसून आले होते. लिफ्ट बंद होती, जिनेही चढले होते, तेही असेल म्हणा.

त्या रात्री शोधत बसले. २००३ साली ज्युलिॲन होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला होता. तीन दिवस लोकांना रक्तदाबाचं यंत्र लावून, कुणाशी बोलताना आकडा किती जातो ते बघितलं. उघड नावडत्या माणसापेक्षाही, जे हवंसं आणि नकोसं दोन्ही वाटतं, त्याच्याशी बोलताना वरचा आकडा जास्त. वाचून मी मोबाइल उलटा ठेवला. फास्टमध्ये चढताना रोज आधी तिचा चेहरा बघायचे मी, आज डबा की टोमणा.

एकदा स्पष्ट बोलून मोकळं व्हावं असं कितीदा ठरवलं. झालं असं, की एका सोमवारी ती आत जागा धरून खिडकीतून हात करत होती आणि मी चढलेच नाही. गाडी गेली. भांडण नाही, काही नाही.

परवा मेसेज आला, "जागा धरून ठेवते, ये." पोटात गोळा आला. विरघळलेही थोडी, खोटं कशाला बोलू. पण गेले नाही.

मांडणीवर तिचा स्टीलचा डबा आहे अजून, तिच्या आईचं नाव कोरलेला. उद्या शिपायाकरवी तिच्या ऑफिसात पाठवायचाय. आई म्हणाली, कुणाचा डबा रिकामा देऊ नये. म्हणून शेंगदाण्याची चटणी कुटली. लसूण जरा जास्तच घातला, तिला तशीच आवडते.