सातारा ते सीटीसी: ईसीएचएसच्या रेफरलवर पुण्याची फेरी

ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना आणि सीटीसी म्हणजे पुण्यातले हृदय-छातीचे सैनिकी रुग्णालय. अपशिंगे मिलिटरी या गावाहून नागठाणे, तिथून हायवेने सातारा. पुढे खंबाटकी ओलांडून पुणे. रस्ता सोपा, एसटीही भरपूर. तरी या फेरीला दोन वेगळे दिवस धरावेत. साताऱ्याच्या पॉलिक्लिनिकमध्ये, म्हणजे ईसीएचएसच्या दवाखान्यात, डॉक्टरांना दाखवून रेफरल (मोठ्या रुग्णालयात पाठवणारी चिठ्ठी) हातात पडेपर्यंत दुपार होते, आणि सैनिकी रुग्णालयाच्या ओपीडीची नोंदणी सकाळची. सातारा ते पुणे एकशेदहा किलोमीटरच्या आसपास, म्हणजे अडीच-तीन तास. एकाच दिवसात दोन्ही उरकायला निघालेली माणसे स्वारगेटला पोहोचतात तेव्हा रुग्णालयाची नोंदणी खिडकी बंद झालेली असते.

खाली धरलेला रुग्ण म्हणजे निवृत्त हवालदाराची पत्नी आणि तक्रार छातीत दुखण्याची. गुडघा किंवा मोतीबिंदू असला तरी वाट हीच, फक्त शेवटचा दवाखाना बदलतो.

घरातून निघताना कार्ड तिचेच घ्यायचे. ईसीएचएसमध्ये प्रत्येक आश्रिताचे कार्ड वेगळे असते. नवऱ्याच्या कार्डावर बायकोची नोंद होत नाही. दुसरी अडचण खास आपल्याकडची. लग्नात नाव बदलायची रीत असल्यामुळे डिस्चार्ज बुकात एक नाव, आधारवर दुसरे आणि बँकेत तिसरेच. ही गाठ पॉलिक्लिनिकच्या खिडकीवर सुटत नाही. पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसकडून (मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांसाठी बेळगाव) पार्ट टू ऑर्डर (नोंदीतला बदल करणारा आदेश) निघावी लागते. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून करता येतो. दुखणे नसतानाच हे काम उरकावे, कारण महिने जातात. आई-वडिलांचे कार्ड काढायचे असेल तर त्यांचे उत्पन्न दरमहा ९००० रुपये अधिक त्यावरील महागाई भत्ता या मर्यादेत असावे लागते.

पॉलिक्लिनिकमध्ये कार्ड स्वाइप, टोकन, बीपी, मग एमओ (मेडिकल ऑफिसर). ‘छातीत दुखतंय’ एवढे सांगून भागत नाही. चढ चढताना दुखते की बसल्या जागी, किती मिनिटे, घाम येतो का, हे सांगावे. जुना ईसीजी दाखवावा आणि चालू गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्याच पिशवीत घालून न्याव्यात. पट्टीवर घटकाचे नाव असते; ‘ती पांढरी अर्धी गोळी’ म्हटल्यावर कुणालाच काही कळत नाही.

रेफरल मिळाल्यावर खिडकी सोडायच्या आत ते वाचावे. नाव, कार्ड नंबर, तारीख, कोणत्या विभागाकडे, कोणत्या रुग्णालयाकडे आणि कशासाठी. सगळ्यात जास्त घोळ या शेवटच्या रकान्यात होतो. नुसता सल्ला लिहिलेला असेल आणि तज्ज्ञांनी अँजिओग्राफी सांगितली, तर नव्या मंजुरीसाठी परत सातारा गाठावे लागू शकते. म्हणून ‘तपासण्या आणि उपचारही यात आले का?’ हे एमओंना तिथेच विचारावे. विचारल्याने कुणी चिडत नाही. चिडले तरी पुण्याहून परत येण्यापेक्षा ते परवडले.

सैनिकी रुग्णालयात खाट किंवा तज्ज्ञ उपलब्ध नसेल तर पॅनेलवरच्या (ईसीएचएसने मान्य केलेल्या) खासगी रुग्णालयाचा पर्याय असतो, आणि पॅनेलमधले कोणते ते रुग्णाने सांगायचे असते. मात्र रुग्णालय त्याच आजारासाठी पॅनेलवर आहे ना, हे तपासावे. काही ठिकाणी फक्त डोळ्यांचे किंवा फक्त दातांचेच काम मंजूर असते. वॉर्ड हुद्द्याप्रमाणे: हवालदारापर्यंत जनरल, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर सेमी-प्रायव्हेट, अधिकाऱ्यांना प्रायव्हेट. वरची खोली मागितली तर फरक आपल्या खिशातून.

आता पुणे. हृदयाचे काम असेल तर कमांड हॉस्पिटलला जायचे नाही. हृदय आणि छातीची सैनिकी संस्था गोळीबार मैदानाजवळ आहे. कागदावर तिचे नाव एआयसीटीएस. जुनी मंडळी अजून सीटीसीच म्हणतात. स्वारगेटहून शंकरशेठ रस्त्याने रिक्षा थोड्या वेळात सोडते. कमांड हॉस्पिटल त्याच्याही पुढे, वानवडीत. ‘मिलिटरी हॉस्पिटल’ एवढेच सांगितले तर रिक्षावाला कुठे नेईल याचा नेम नाही, कारण खडकीलाही एक आहे. गेटवर सोबतच्या माणसाचेही ओळखपत्र मागतात, त्यामुळे मुलाने आपले आधार बरोबर ठेवावे. रक्त उपाशीपोटी द्यायचे असू शकते. भाकरीचा डबा बांधून न्यावा आणि सुई टोचून झाल्यावरच उघडावा. मधुमेहाच्या रुग्णाने उपाशी राहण्याबद्दल आधी एमओंना विचारून ठेवावे.

रात्री-बेरात्री छातीत कळ आली तर मात्र रेफरलच्या मागे लागू नये. जवळच्या पॅनेलवरच्या रुग्णालयात कार्ड घेऊन थेट दाखल व्हावे. ईसीएचएसला ऑनलाइन कळवण्याचे काम त्या रुग्णालयाचे. पॅनेलबाहेरच्या रुग्णालयात जावे लागले तर ४८ तासांत जवळच्या पॉलिक्लिनिकला घरच्यांनी कळवायचे. बिल आधी आपण भरायचे आणि परतावा सीजीएचएसच्या (केंद्र सरकारी आरोग्य योजनेच्या) दराने मिळतो. खासगी बिल दीड लाखाचे असले तरी दर जेवढा, तेवढेच हातात येते.

परतताना तज्ज्ञांच्या चिठ्ठीच्या तीन झेरॉक्स काढाव्यात. औषधे साताऱ्याच्याच खिडकीवर घ्यायची आहेत आणि तिथे बहुतेकदा वेगळ्या कंपनीची, पण त्याच घटकाची गोळी मिळते. घरी जुनी पट्टी शिल्लक असते. नवी वेगळी दिसते म्हणून दोन्ही चालू राहतात आणि बीपीची गोळी दुप्पट पोटात जाते. जुनी पट्टी त्याच दिवशी बाजूला काढावी. खिडकीवर औषध नसेल तर चिठ्ठीवर ‘एनए’चा (औषध उपलब्ध नाही असा) शिक्का मागून घ्यावा. शिक्क्याआधी बाजारातून घेतलेल्या औषधाचा परतावा अडतो. दुकानाच्या बिलावर रुग्णाचेच नाव हवे, मुलाचे नको.