बेटावरची मंडळी सोडताना

स्कॉटलंडच्या वायव्येला असलेल्या लुईस बेटावर, स्टॉर्नोवे या गावी, मी नऊ वर्षे परिचारिका म्हणून काम केले. गुरुवार पेठेत एकट्या राहणाऱ्या आईचे खुब्याचे हाड मोडले, तेव्हा दोन महिन्यांत सगळे आवरून मी पुण्याला परत आले. राजीनामा, घराचा करार, बँकेचे खाते ही कामे एकेक करून उरकली. तिथल्या ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे ज्यांच्यासोबत मी चर्चमध्ये उपासना करत असे त्या लोकांचा, निरोप घेणे मात्र अजूनही पुरते उरकलेले नाही, आणि त्याविषयीच मला लिहायचे आहे.

तिथल्या गेलिक, म्हणजे बेटाच्या जुन्या भाषेतल्या, उपासनेत वाद्य नसते. एक गायक स्तोत्राची ओळ आधी एकटा म्हणतो आणि मग सारी मंडळी ती उचलते. पण प्रत्येक जण आपापल्या गतीने, आपापल्या हरकती घेत गात असल्यामुळे ते गाणे एकसुरी न राहता समुद्राच्या पाण्यासारखे चढते आणि उतरते. बहुतेकांना वाचता येत नव्हते त्या काळात ही रीत रूढ झाली, आणि पुढे सगळे वाचू लागले तरी बेटावरच्या लोकांनी ती जपली. पहिल्या रविवारी मला एकही शब्द कळला नाही, तरी लहानपणी वडिलांच्या भजनी मंडळात मागे बसून मी ओळ झेलत असे, त्याची आठवण होऊन डोळे भरून आले. वडीलधाऱ्यांशी बोलताना त्या भाषेतही आपल्या ‘तुम्ही’सारखे आदराचे वेगळे रूप वापरतात, हे नंतर समजले तेव्हा मी परकी उरले नाही असे वाटले. वर्षातून दोनदा प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा, सोहळा गुरुवारपासून सोमवारपर्यंत चाले, दुसऱ्या गावांहून आलेल्या पाहुण्यांनी घरे भरून जात, आणि शुक्रवारी वयस्क बांधव एकेक करून उठत व देवाची कृपा माणसाच्या आयुष्यात कशी ओळखावी हे स्वतःच्या अनुभवातून सांगत. माझे वडील वारले त्या आठवड्यात शेजारच्या आजी रोज संध्याकाळी येऊन, फारसे काही न बोलता, माझ्याजवळ बसत असत.

निघण्यापूर्वीच्या शेवटच्या प्रार्थनासभेत मंडळीचा कारभार पाहणाऱ्या एका वडीलजनांनी बायबलमधील प्रेषितांच्या कृत्यांचा विसावा अध्याय वाचला. तीन वर्षे इफिस शहरात राहिलेला प्रेषित पौल तिथल्या वडीलजनांचा निरोप घेतो, सगळे गुडघे टेकून प्रार्थना करतात आणि त्याचे तोंड पुन्हा दिसणार नाही या दुःखाने त्याच्या गळ्यात पडून रडतात. वाचून झाल्यावर त्यांनी कसलेही स्पष्टीकरण दिले नाही, आणि मला ते योग्य वाटले. दुसऱ्या दिवशी मुख्य भूमीवरच्या अलापूलला जाणाऱ्या बोटीच्या पावणेतीन तासांच्या प्रवासात मी एकशे एकविसावे स्तोत्र पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, कारण आपले जाणेयेणे परमेश्वर सांभाळील हे त्यातले वचन त्या दिवशी माझ्यापाशी उरलेला एकमेव आधार होता.

खरा कठीण काळ पुण्यात आल्यावर सुरू झाला. आपली माणसे, आपली भाषा, पंचहौदाच्या ख्रिस्ती देवालयातले ओळखीचे बाक, आणि शेजारी आई, हे सगळे असताना मला रडू का येते, हे मला कुणाला सांगता येईना. मी कृतघ्न आहे, माझा विश्वास कमी पडतो आहे, असेच मला वाटू लागले. शेवटी मी आमच्या पाळकांकडे गेले. त्यांनी थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील सतरावे वचन काढले आणि सांगितले की, तुमच्यापासून आमची ताटातूट झाली असे पौल जिथे म्हणतो, तिथल्या मूळ ग्रीक क्रियापदात ‘अनाथ’ हा शब्द दडलेला आहे. ज्याने मंडळ्या वसवल्या तोच माणूस त्यांच्यावाचून स्वतःला पोरका म्हणवतो, आणि त्याच वाक्यात ही ताटातूट शरीराने आहे, हृदयाने नाही, असेही लिहितो. त्या दिवसापासून मी दुःखाची लाज बाळगणे सोडले. दुःख गेले नाही. पण ते प्रार्थनेत मांडता येऊ लागले.

त्याच देवालयात बसून एकदा मला वाँटेजच्या भगिनी, म्हणजे तिथल्या मठातल्या ख्रिस्ती संन्यासिनी, आठवल्या. इंग्लंडातील आपला मठ सोडून त्या १८७७ साली पुण्यात आल्या आणि इथे त्यांनी सेवा केली. पुढे १८८३ साली पंडिता रमाबाई त्यांच्याच वाँटेजच्या मठात गेल्या आणि तिथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. आमच्या या पेठेत येण्यासाठी कुणीतरी आपली प्रिय मंडळी मागे ठेवली होती, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण तिची किंमत मला आत्ता कळली.

आता दर रविवारी, तिथे दुपारी बारा वाजता उपासना सुरू होते त्या वेळी, म्हणजे उन्हाळ्यात इथल्या साडेचारला आणि हिवाळ्यात साडेपाचला, मी आईच्या पलंगाशेजारी बसते. बाकाच्या क्रमाने एकेका घराचे नाव घेऊन प्रार्थना करते. आजींचे नाव आई स्वतः घेते, जरी त्या दोघी एकमेकींना कधीच भेटलेल्या नाहीत. मग आम्ही स्तोत्र गातो. आईची नजर अधू झाल्यामुळे तिला छापील अक्षर दिसत नाही, म्हणून मी आधी एक ओळ म्हणते आणि थांबते, आणि ती आपल्या संथ लयीत, मध्येच एखादी हरकत घेत, तीच ओळ मागून म्हणते.