एका बातमीमागचे वऱ्हाड

गेल्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळत असताना, नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या घरात दोन पंखे एकमेकांशी चढाओढ करत होते. एक खिडकीतल्या कूलरचा आणि दुसरा माझ्या दहा वर्षे जुन्या लॅपटॉपचा. मी त्या वेळी कसलेही जड काम करत नव्हतो. संत्र्याच्या आंबिया बहाराविषयीची चार परिच्छेदांची एक बातमी वाचत होतो. चार परिच्छेद दाखवताना यंत्राला एवढी धाप का लागावी, या कुतूहलापोटी मी ब्राउझरला, पानाबरोबर येणारे छोटे प्रोग्राम, म्हणजे स्क्रिप्ट, अडवणारी नोस्क्रिप्ट नावाची जोड बसवली आणि तेच पान पुन्हा उघडले. पंखा शांत झाला. बातमी होती तशीच समोर होती, आणि नोस्क्रिप्टच्या चौकटीत, बाहेर अडवून ठेवलेल्या पाहुण्यांची यादी होती. पहिले नाव त्या वर्तमानपत्राचे होते. त्याखालची सव्वीस नावे मी आयुष्यात कधी ऐकलेली नव्हती.

आमंत्रण एकाला द्यावे आणि दारात अख्खे वऱ्हाड उतरावे, असा तो प्रकार होता. (हा शब्द मी जपून वापरतो, कारण नागपूर वऱ्हाडात येत नाही, हे अकोला-अमरावतीचे नातेवाईक आम्हाला दर दिवाळीत बजावतात.)

वेबचे पान मुळात कागदासारखे असते. मजकूर, त्याला शीर्षक कोणते आणि परिच्छेद कुठे हे सांगणाऱ्या खुणा, आणि चित्रांचे पत्ते. स्क्रिप्टचे तसे नसते. तो एक चालता कार्यक्रम, म्हणजे प्रोग्राम, असतो आणि तो पान पाठवणाऱ्यांच्या नव्हे, तर आपल्या यंत्रावर, आपल्या विजेवर चालतो. आपण पान कुठवर सरकवले, कोणत्या ओळीपाशी थबकलो, आपला पडदा किती रुंद आहे, हे सारे तो टिपून कळवू शकतो. मला आश्चर्य या गोष्टीचे वाटले की, हा कार्यक्रम सुरू करण्यापूर्वी कोणी काही विचारत नाही. पान उघडणे हीच संमती मानली जाते.

या सगळ्याचे मूळ योगायोगाने मे महिन्यातलेच आहे. नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत काम करणाऱ्या ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये अवघ्या दहा दिवसांत, हे स्क्रिप्ट ज्या भाषेत लिहितात त्या भाषेचा पहिला नमुना तयार केला. आमचा नवतपा, म्हणजे उन्हाचा सर्वांत कडक काळ, नऊ दिवसांचा असतो. हा एक दिवस जास्त चालला आणि त्याची धग तीस वर्षांनंतरही ओसरलेली नाही. भाषेचे नाव आधी मोका होते, मग लाइव्हस्क्रिप्ट झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात जावास्क्रिप्ट म्हणून ती जाहीर झाली. अर्ज पाठवण्यापूर्वी रिकामे राहिलेले रकाने दाखवून देण्यासारखी साधी कामे तिच्याकडून अपेक्षित होती. पुढे तिने नकाशे चालवले, पत्रव्यवहार चालवला, आणि २०१७ मध्ये तर कॉइनहाइव्ह नावाच्या सेवेच्या स्क्रिप्टमुळे असे झाले की लोक एखादे पान वाचत बसत आणि त्यांचे यंत्र गुपचूप कुणासाठी तरी मोनेरो नावाचे आभासी चलन खणत, म्हणजे किचकट आकडेमोड करून मिळवत, बसे. ती सेवा २०१९ मध्ये बंद पडली. पंख्याचा आवाज वाढला की मला अजून तीच शंका पहिल्यांदा येते.

स्क्रिप्ट बंद ठेवणारे सगळे एकाच कारणाने तसे करत नाहीत. जॉर्जो माओने यांनी २००५ मध्ये नोस्क्रिप्ट आणले ते मुख्यतः सुरक्षिततेसाठी, आणि ओळख लपवू पाहणाऱ्यांच्या टॉर ब्राउझरमध्ये ते आधीपासून बसवलेलेच असते. मुक्त सॉफ्टवेअरचा आग्रह धरणारे रिचर्ड स्टॉलमन यांचा आक्षेप निराळा आहे: ज्या कार्यक्रमाचा मजकूर वाचण्याची आणि बदलण्याची मोकळीक मला नाही, तो माझ्या यंत्रावर का चालावा? काही जण पैसे भरून वाचायचे लेख फुकट वाचण्यासाठी ही युक्ती करतात. ते मला पटत नाही, लेखणीवर पोट असणाऱ्यांचा तो घास आहे. माझे स्वतःचे कारण यांपैकी कोणतेही नाही. मला वाचायचे असते तेव्हा फक्त वाचायचे असते, आणि दार वाजले की कडी काढण्यापूर्वी आतून ‘कोण आहे?’ असे विचारण्याची सवय आमच्या घरात आजीपासून आहे.

या सवयीची किंमत मात्र रोज मोजावी लागते. कित्येक पाने कोरी येतात. काहींवर ‘कृपया जावास्क्रिप्ट सुरू करा’ एवढेच वाक्य असते, जणू मी जेवायला बसलो आणि पानात फक्त मीठ वाढले गेले. विजेचे बिल भरताना मी एकेका नावाला परवानगी देत गेलो, सातव्या नावापाशी त्या पानाची मुदत संपली आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागले. शेवटी बिलांसाठी, तिकिटांसाठी मी दुसरा ब्राउझर ठेवला, ज्यात सगळे मोकळे असते. फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये स्क्रिप्ट बंद करण्याची साधी चौकट होती, ती २०१३ मध्ये काढून टाकण्यात आली. स्वतःच्या हाताने वेब मोडून मग ते चालत नाही म्हणणारी माझ्यासारखी माणसे आठवली, की त्या निर्णयाचा मला फारसा राग येत नाही.

शिवाय या वागण्यात एक विसंगती आहे. मे महिन्यात शंकरनगर चौकात उभे राहिले, तर दुचाकीवरचा प्रत्येक चेहरा दुपट्ट्यात गुंडाळलेला असतो आणि म्हणून कोणीच ओळखू येत नाही. तोच दुपट्टा ऑगस्टमध्ये गुंडाळला, तर सगळे वळून पाहतील. स्क्रिप्ट बंद ठेवणारे इतके थोडे आहेत, की ते बंद असणे हीच एक ओळख होते. टॉरवाले आपल्या सगळ्या वापरकर्त्यांना शक्य तितके एकसारखे दिसायला लावतात, ते यासाठीच. मी टॉर वापरत नाही, त्यामुळे माझा दुपट्टा ऑगस्टमधला आहे, हे मला ठाऊक आहे.

पुण्याला नोकरीला असलेला माझा भाचा त्याच आठवड्यात आला होता. वेबसाइट बनवणे हेच त्याचे काम. माझ्या पडद्याकडे बराच वेळ पाहून तो म्हणाला, “मामा, तुम्ही इंटरनेट वापरून राहिले का पेपर वाचून राहिले?” मी म्हटले, पेपरच वाचतो आहे. त्याने त्या सव्वीस नावांवरून नजर फिरवली, त्यातली चार त्याच्या ओळखीची निघाली, आणि त्यांपैकी एक त्याने स्वतः गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाच्या पानावर बसवले होते. ते कशासाठी, असे विचारल्यावर तो म्हणाला, “त्यांनी सांगितलं होतं, लावून द्या म्हणून.” मग त्याला क्रिकेटचा स्कोअर पाहायचा होता, आणि ते पान माझ्याकडे उघडेना. मी त्या एका नावाला तात्पुरती परवानगी दिली. ब्राउझर बंद केला की ती आपोआप संपते. सामना लांबला, कूलरमध्ये दोनदा पाणी भरावे लागले, आणि रात्री उशिरापर्यंत मी ब्राउझर बंद केला नाही.