उसाचं पातं डोळ्याला लागलं तर

इंदापूर-बारामतीकडचा ऊस असो की मावळातलं भात, पातं बुबुळाला घासलं की वरचं पातळ आवरण सोलवटतं आणि फ्युजेरियम किंवा अ‍ॅस्परजिलससारखी बुरशी आत शिरते. सुरुवातीचे काही दिवस नुसतं खुपतं. मग मेडिकलमधून लाली घालवणारे ड्रॉप येतात. त्यात स्टेरॉइड असलं तर लाली खरंच उतरते, पण बुरशीला रान मोकळं होतं. (डोळ्यात मध किंवा तूपही घालू नका, ते जेवणातच राहू द्या.)

स्लिट लॅम्पखाली (डोळा मोठा करून दाखवणारं डॉक्टरांचं यंत्र) जखमेची कड पिसासारखी विस्कटलेली, पृष्ठभाग कोरडा आणि उंचावलेला, आजूबाजूला सुटे पांढरे ठिपके असं दिसलं की बुरशीचा संशय येतो. पण नुसत्या नजरेवर औषध ठरवणं म्हणजे जुगार. जिवाणूंची जखमही कधी अशीच दिसते. त्यामुळे आधी स्क्रेपिंग, म्हणजे जखम खरवडून नमुना घेणं, मग ड्रॉप.

प्रोपॅराकेन ०.५% टाकून डोळा बधिर करायचा आणि १५ नंबरच्या ब्लेडने जखमेचा तळ आणि कड दोन्ही खरवडायचे. नुसता वरचा चिकट थर घेतला तर हाती काहीच लागत नाही. एका काचेवर नमुन्यात १०% केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं: आडवे पडदे असलेले, फांद्या फुटलेले बुरशीचे धागे दिसले की त्याच दिवशी उपचार सुरू करता येतात. दुसरी काच ग्रॅम स्टेनसाठी, म्हणजे रंग देऊन जिवाणू शोधायला. कल्चरच्या (जंतू वाढवून बघायच्या) प्लेटवर नमुना इंग्रजी 'सी'च्या आकारात ओढायचा. वाढ त्या रेषेवर आली तरच ती डोळ्यातली, रेषेबाहेरची बहुधा हवेतली. बुरशी वाढवायच्या साबुरो माध्यमात सायक्लोहेक्सिमाइड हे रसायन नको, ते नेमक्या याच बुरशा दाबतं. 'वाढ नाही' म्हणण्याआधी प्लेट दोन आठवडे ठेवायची.

धाग्यांत पडदे अगदी तुरळक असतील आणि नाटामायसिन या बुरशीच्या औषधाने फरक पडत नसेल, तर पिथियम आठवा. ते बुरशीसारखं दिसतं, पण बुरशी नाही. नाटामायसिन बुरशीतल्या ज्या अर्गोस्टेरॉल नावाच्या स्निग्ध घटकाला चिकटतं, ते त्याच्या पेशींच्या आवरणात नसतं. तिथे लिनेझोलिड आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक वापरतात.

बाकी धागेवाल्या बुरशीला पहिलं औषध नाटामायसिन ५%, सुरुवातीला तासातासाला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मट चाचणीत (बुरशीच्या जखमांवरच्या औषधांची तुलना) ते व्होरिकोनॅझोल या दुसऱ्या बुरशीविरोधी औषधाच्या थेंबांपेक्षा सरस ठरलं, विशेषतः फ्युजेरियममध्ये. औषध तळाशी बसतं, म्हणून दर वेळी बाटली हलवायची. जखमेवर साचलेला पांढरा थर बरेचदा औषधाचाच असतो, घाबरू नका. दोन वेगळ्या थेंबांत पाच मिनिटांचं अंतर ठेवा. नाटामायसिन खोल जात नाही, त्यामुळे जखम अधूनमधून खरवडावी लागते. अ‍ॅम्फोटेरिसिन या आणखी एका बुरशीविरोधी औषधाचे ०.१५% थेंब बनवताना सलाइन वापरलं की औषध फाटतं. निर्जंतुक पाणी घ्यावं, बाटली फ्रिजमध्ये, अंधारात. दुखणं आणि बाहुली चिकटणं टाळायला बाहुली मोठी करणारे अ‍ॅट्रोपिन किंवा होमॅट्रोपिनचे थेंब. पोटातून व्होरिकोनॅझोल द्यायचं तर यकृताची तपासणी हवी.

उपचार आठवड्यांच्या हिशेबात चालतात. दुखणं थांबलं म्हणून थेंब बंद केले की बुरशी पुन्हा डोकं काढते. औषधं चालू असूनही जखम पसरत बुबुळाच्या कडेकडे सरकू लागली, तर नेत्ररोपण लांबवू नये. बुरशी पांढऱ्या भागात गेली की ती पुरती काढणं अवघड होतं. काढलेलं बुबुळ लॅबला पाठवायचं, बुरशीविरोधी थेंब चालूच ठेवायचे आणि नवं बुबुळ वाचवण्याच्या घाईत स्टेरॉइड लगेच सुरू करायचं नाही.